घरच्या देव्हाऱ्यावर प्रबंध लिहिण्याआधी

विहामांडवा, आडूळ, दावरवाडी इकडच्या मुली पदवी हातात आली की पाचोडला माझ्याकडे विचारायला येतात. एम.ए.ला स्त्री अभ्यास घेऊ का, पुढे पीएच.डी.ला बाई आणि धर्म असा विषय मिळेल का, घरचे काय म्हणतील. मी कुणालाच नाही म्हणत नाही. हा विषय मी केला आहे आणि पुन्हा शिकायची वेळ आली तर हाच करीन. पण तो करताना काय काय अंगावर येतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. या मुलींना ते कळलेलं बरं.

रुक्ष भाग आधी उरकते. नेट परीक्षेत स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, धर्मांचा तौलनिक अभ्यास हाही आहे. पण आपल्या भागातल्या महाविद्यालयांत जागा निघतात त्या बहुतेक समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या, मराठीच्या. पदवी एका विषयाची आणि जाहिरात दुसऱ्या विषयाची असली की अर्ज छाननीतच बाजूला पडतो. माझ्या ओळखीच्या हुशार मुलींचे अर्ज असे पडलेले आहेत. घरची परिस्थिती बेताची असेल तर एम.ए. समाजशास्त्रात, इतिहासात किंवा मराठीत करावं आणि हा विषय लघुप्रबंधाला, पुढे पीएच.डी.ला घ्यावा. थेट स्त्री अभ्यासच करायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात ताराबाई शिंदे यांच्या नावाचं केंद्र आहे, पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या नावाचं आहे, मुंबईत एसएनडीटीचं तर १९७४ पासून चालू आहे. प्रवेश घेण्याआधी तिथं एकदा जाऊन या. अध्यापकांना नंतर भेटा, आधी शिकणाऱ्या मुलींजवळ बसा. मार्गदर्शक मसुदा किती दिवसांनी परत देतात आणि मराठीत लिहिलेलं चालतं का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

आता खरं बोलायचं ते. माझा विषय होता पैठण तालुक्यातल्या बायकांची व्रतं, भजन आणि विटाळ. तो समितीपुढे मांडला तेव्हा पहिला प्रश्न निष्कर्षाचा आला. धर्म हे बाईला दाबायचं साधन आहे, हेच सिद्ध करणार ना, असं मला विचारलं गेलं. गावी आले तर भजनी मंडळातल्या पुरुषांनी सांगितलं, आपल्यात बाईला देवी मानतात, पोरी, तेवढं नीट लिही. दोन्हीकडे उत्तर तयार होतं. दोन्ही ठिकाणची माणसं भली होती, माझं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. पण बाईला विचारायचं राहिलं आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. या विषयातला सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो. निकाल आधी लिहून झालेला असतो आणि मुलाखती त्याला साक्षीदार म्हणून गोळा केल्या जातात.

बायकांजवळ बसले तेव्हा जे ऐकलं ते दोन्ही उत्तरांत मावत नव्हतं. पाळीच्या दिवसांत देवाला चालत नाही, पण कापूस वेचायला चालतं, हे मला कितीजणींनी सांगितलं. सांगताना त्या चिडलेल्या नव्हत्या. असं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. ज्या घरात शेतावर मजूर लावायची ऐपत आहे तिथं ‘बाजूला बसणं’ कडक, आणि जिथं बाईच्या हातावर पोट आहे तिथं ते देव्हाऱ्यापुरतं उरलेलं. म्हणजे विटाळाचा अभ्यास करायचा तर आधी सातबारा बघावा लागतो, हे माझ्या एकाही पुस्तकात इतकं उघड लिहिलेलं नव्हतं. काहीजणी म्हणाल्या, ते चार दिवस होते म्हणून पाठ टेकता यायची, आता सून नोकरीला जाते, तिला तेवढंही नाही. ही वाक्यं प्रथेच्या बाजूची मानायची की विरोधातली? कितीतरी काळ ती मला कुठल्याच प्रकरणात बसवता आली नाहीत.

मग गोळ्या. महालक्ष्म्या बसायच्या असल्या, घरात लग्न असलं, पंढरपूरला जायचं असलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात, आणि त्या बहुतेकदा कुणातरी जावेच्या सांगण्यावरून, डॉक्टरांना न विचारता, थेट मेडिकलमधून आणलेल्या. सण आला की सोवळं सांभाळायची जबाबदारी बाईच्या शरीरावर येते आणि ती ते औषधानं निभावते. धर्मग्रंथात याचा उल्लेख असायचं कारण नाही आणि दवाखान्यात गेल्यावर बाई ते आपणहून सांगत नाही. हे मला कळलं ते मी प्रश्नावली मिटून ठेवून त्यांच्याबरोबर पुरणाच्या तयारीला बसले तेव्हा.

आणि आराधिणी. मराठवाड्यात तुळजापूरच्या भवानीची परडी हातात घेतलेल्या बायका गावोगाव आहेत. त्यांच्यात विधवाही असतात. ज्या बाईला हळदी-कुंकवाला कुणी बोलावत नाही, तिच्या अंगात वारं आलं की घरातले कर्ते पुरुष तिच्यापुढे वाकतात, आणि एरवी जे बोलायची सोय नाही ते ती त्या वेळी बोलते. शेताच्या वाटणीबद्दलसुद्धा बोलते. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येतं. याला बाईची सत्ता म्हणून मिरवताही येतं. पण वारं उतरल्यावर तीच बाई पुन्हा मागच्या दारी बसते, आणि हे तिला पक्कं ठाऊक असतं. ते ठाऊक असणं हाच माझ्या दृष्टीनं अभ्यासाचा विषय आहे. त्याला वेळ लागतो, घाईची संशोधक त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

अशा कामाची शिस्त काय असते ते मला पाचोडमध्येच बघायला मिळालं होतं. डॉ. अशोक दयालचंद यांनी इथं उभी केलेली इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट अनेक वर्षं मुलींच्या आणि बायकांच्या आरोग्यावर काम करते आहे. शाळा सुटलेल्या, लग्न न झालेल्या मुलींसाठी त्यांनी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले, आणि ज्या गावांत ते चालले तिथं १९९७ ते २००१ या काळात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष ऐकायला थोडं वाटेल. पण पदर आलेली मुलगी घरात ठेवायची नाही आणि तुळशीचं लग्न लागलं की स्थळं बघायला लागायचं, अशा रीतीच्या घरांत एक वर्ष मिळवणं म्हणजे काय, हे इथल्या मुलीला विचारा. हे धर्माविरुद्ध भाषणं देऊन झालेलं नाही. आयांना विश्वासात घेऊन, त्यांच्याशी सतत बोलत राहून झालं. संशोधनालाही मला तोच सबुरीचा रस्ता बरा वाटतो.

आता जे सांगते ते प्रत्येकीनं नीट वाचावं. एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. त्यात एका बाईचं म्हणणं होतं. नाव बदललेलं होतं, गावाचा उल्लेख नव्हता, संमतीच्या कागदावर सही होती. शिकवलेले सगळे नियम पाळलेले होते. निबंधाच्या एका पानाचा कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत तिच्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. विद्यापीठातल्या कुणालाही त्या पानावरून ती बाई ओळखता आली नसती. गावाला तिच्या एका वाक्यावरून ती लगेच ओळखू आली, कारण तसं बोलणारी त्या गावात ती एकटीच होती. तिचं भजनाला जाणं बंद झालं. तिचा मुलगा आमच्या घरी येऊन वडिलांशी बोलून गेला. आवाज चढवला नाही, पण वडील त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. ती बाई मला एका शब्दानं बोलली नाही. तिनं भेटणं थांबवलं, इतकंच. तिची खूण पटेल असं काहीही मी इथंही लिहिलेलं नाही.

संमतीचा कागद संस्थेला सांभाळतो. खेड्यातल्या बाईला तो सांभाळू शकत नाही, कारण तिला धोका परक्या वाचकाचा नसतो, दिराचा, भावकीचा, भजनातल्या शेजारणीचा असतो. म्हणून सही मागण्याआधी तिला विचारा, हे घरात कुणी वाचलं तर कोण रागावेल? या प्रश्नाचं उत्तर ती नीट देते. परवानगी आहे का, या प्रश्नाला ती तुमचं मन राखायला हो म्हणते. घरात सासू-सून एकमेकींच्या कानावर असताना मुलाखत घेऊ नका. शेताच्या बांधावर, धुण्याच्या जागी, दळणाच्या वाटेवर जे बोलणं होतं ते घरात होत नाही. आवाज मुद्रित केला तर तो घरातल्या भावंडांच्या हाती पडणाऱ्या फोनमध्ये राहू देऊ नका, लिहून घेतलं की पुसून टाका. आणि जे वाक्य तुमच्या निबंधाला सगळ्यात जास्त उठाव देतं, ते वाचून दाखवण्याआधी दहा वेळा विचार करा. बहुतेक वेळा तेच वाक्य तिला उघडं पाडणारं असतं.

विषय निवडताना आणखी एक गोष्ट फार वेळा घडते, आणि मला ती मनापासून खटकते. हिंदू घरातली मुलगी लिंगभाव आणि धर्म म्हटलं की चटकन मुस्लिम बायकांचा विषय घेते. तलाक, बुरखा, झालं. आपल्या देव्हाऱ्याला हात लावायचा नाही आणि अभ्यास तर झाला पाहिजे, असा तो मार्ग असतो. माझ्याबरोबर शिकणारी एक मुस्लिम मैत्रीण होती. तिनं आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांवर मोठ्या धैर्यानं लिहिलं, आणि तिचीच वाक्यं तिच्या समाजाला हिणवायला वापरली गेली. घरातून बोलणी बसली ती वेगळीच. तिला दोन्ही बाजूंनी किंमत द्यावी लागली, मला एकाच बाजूनं. ज्यांना तो विषय घ्यायचाच आहे त्यांनी इतिहास आधी वाचावा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्याबरोबर सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत सचिवालयावर मोर्चा घेऊन गेल्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. प्रश्न आतून, मराठी बोलणाऱ्या बायकांनी विचारलेला आहे. बाहेरून जाऊन तो आपण प्रथमच विचारतो आहोत असं समजू नये.

बौद्ध वस्तीबद्दलही हेच. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण घरातले जुने देव उचलायचे हे ठरल्यावर ते उचलले कुणी, नवी वंदना लेकरांना शिकवली कुणी, हे बायकांनाच विचारावं लागतं. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ते विचारलं, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचं पुस्तक १९८९चं. शर्मिला रेगे यांचं जातीवरचं आणि स्त्रीवादावरचं लेखन त्याच्यासोबत वाचा. जात बाजूला ठेवून आपल्याकडे बाई आणि धर्म यावर एक पानही खरं लिहिता येत नाही, हे तिथं कळतं.

वाचायच्या यादीबद्दल माझी तक्रार आहे. मला मिळालेली यादी जवळजवळ सगळी इंग्रजी होती आणि त्यातले देश लांबचे होते. ते वाचावंच, डोळा तयार होतो. पण या विषयाची थोर सामग्री आपल्या पायाखाली आहे आणि ती आपल्याला कुणी दाखवत नाही. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. त्यात पाळीला विटाळ मानू नये, तो शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे, असं स्वामींचं सांगणं आहे. हे तेराव्या शतकातलं, आणि त्यांच्या सेवेतली बाइसा आपल्या पैठणची. महदाइसेचे धवळे मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचे मानले जातात. आमच्या तालुक्यातल्या मुली रोज पैठणच्या बसनं जातात आणि यातलं एकही नाव त्यांच्या कानावर पडलेलं नसतं.

बहिणाबाई वेरूळजवळच्या देवगावची, सतराव्या शतकातली. समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला. ब्राह्मण घरातली ही बाई, तुकोबांना गुरू मानते, त्यासाठी नवऱ्याचा मार खाते, आणि ते सगळं स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवते. ब्राह्मण कुणाला म्हणावं हा प्रश्न विचारणारी ‘वज्रसूची’ मराठीत आणणारीही तीच. तिच्यात पतिव्रताधर्माचं गुणगान आहे आणि त्या धर्मानं केलेला छळही आहे, दोन्ही एकाच तोंडून. ज्या समितीला सरळ उत्तर हवं असतं तिच्यापुढे बहिणाबाई ठेवा. पुढे १८८२ साली ताराबाई शिंदे ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहितात, देवांनाही सोडत नाहीत, आणि पुस्तक जवळजवळ शतकभर विस्मरणात जातं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’, तारा भवाळकरांचं लोकसाहित्यावरचं काम, हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी जमवलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्या, नद्यांना बाई मानण्याच्या आपल्या रीतीवर अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९९५ मध्ये लिहिलेला ग्रंथ, हे सगळं धरलं तर एम.ए.ची दोन वर्षं कमी पडतात. फेल्डहाउस वाचल्यावर मी पैठणला गोदावरीची ओटी भरणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसले. लहानपणापासून ते बघत होते, पण त्याला प्रश्न विचारायचा असतो हे तोवर सुचलं नव्हतं.

कायद्याची कागदपत्रंही वाचा, मुळातून. शनिशिंगणापूर आपल्यापासून लांब नाही. १९५६ च्या राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की देवळात जाणं हा बायकांचा हक्क आहे, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनीचा चौथरा बायकांना खुला झाला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या हाजी अली दर्ग्यातल्या बायकांच्या प्रवेशाचा निकाल आला. मी पाचोडच्या बायकांना शिंगणापूरबद्दल विचारत होते तेव्हा एक आजी म्हणाल्या, “हक्क मिळाला हे लई चांगलं झालं माय, पर मी न्हाई जायची.” या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. न जाणारीला मागासलेली ठरवू नका, आणि ती जात नाही म्हणून हक्काची गरज नव्हती असंही लिहू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, तेव्हाही आमच्याकडच्या बायकांचं हेच दुहेरी म्हणणं होतं. ठराव हवा, पण उद्या कुंकू लावून दारात उभी राहिले तर पहिली हसणारी जाऊच असेल, असं त्या म्हणाल्या.

घरात काय करायचं, हा प्रश्न मुली सगळ्यात शेवटी आणि खाली बघून विचारतात. आई उपवास धरते, तुम्ही वर्गात उपवासावर चर्चा करून येता. माझं सांगणं असं की आईला निबंधातला नमुना करू नका. तिच्याशी वाद घालून जिंकायचं नाही. स्वतः व्रत करावं की सोडावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी काही सोडली, काही अजून करते. पण ज्या बायकांच्या घरी बसून तुम्ही माहिती घेणार आहात त्यांना खोटं सांगू नका. तुम्ही मानता का, असं त्या विचारतातच. खरं सांगितलं तर त्या रागावत नाहीत. वर्गात मात्र श्रद्धा असल्याची लाज वाटून गप्प बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि श्रद्धा नसल्याचं गावात लपवणाऱ्याही. दोघींचाही अभ्यास त्या लपवण्यापायी पातळ झाला.

प्रबंध कुठल्या भाषेत लिहायचा? मार्गदर्शकाची हरकत नसेल तर मराठीत. इंग्रजीत लिहावा लागला तर किमान मुलाखतींची प्रकरणं मराठीतही तयार करा. चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांनी आपल्या शिष्यांना संस्कृतात लिहू दिलं नाही, कारण मग त्यांच्या पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळलं नसतं. सातशे वर्षांपूर्वी एका माणसाला हे सुचलं होतं.

सादर करण्याआधी प्रकरण बायकांना वाचून दाखवायला हवं, आणि वेळापत्रकात त्यासाठी किमान महिनाभर राखून ठेवायला हवा. कापसाची वेचणी आणि सणवार सोडून तो महिना धरा, नाहीतर कुणी बसायला रिकामी नसते. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन परिच्छेद काढायला लावले. ते चांगले उतरले होते, तरी काढले. आणि विटाळाच्या प्रकरणात एक गोष्ट राहिली आहे म्हणून मला थांबवलं. बाजूला बसलेल्या बाईच्या वाकळा, तिचं ताट-तांब्या, ती उठल्यावर धुवून कोण ठेवतं? मोठ्या घरांत त्यासाठी ठरलेली बाई यायची, आणि तिच्या पाळीचा विचार कुणीच करत नव्हतं. ती बाई कुठल्या वस्तीतली, तिला त्याबदली काय मिळायचं, हे विचारायला मी पुन्हा गावात गेले आणि त्यावर वेगळं प्रकरण लिहिलं.